‘बसलीस का?’ – पुण्याच्या मागच्या सीटचा इतिहास

(पोस्ट मोठी आहे. सकाळच्या चहाबरोबर वाचा, गाडी काढण्याआधी वाचलीत तर जास्त बरं.)

गेल्या रविवारी सकाळी वडकीला, दिवे घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो होतो. शेजारी एक मोटरसायकल येऊन थांबली. नवी जोडी. मुलीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, हळद अजून उतरलेली नाही. पोराच्या कपाळावर भंडाऱ्याची जागा रिकामी होती, म्हणजे अजून जायचे होते. जेजुरीलाच जाणार, दुसरीकडे कुठे? ती पहिल्यांदाच गाडीवर मागे बसली असावी. कारण उतरताना तिला पाय आधी कुठला टाकायचा तेच कळेना, आणि तो पठ्ठ्या गाडी स्टँडला न लावता तसाच तोलून उभा. चहा झाला. त्याने हेल्मेट घातलं, किक मारली, मान न वळवता विचारलं, “बसलीस का?”

ती म्हणाली, “हो.”

आणि गेले घाटाकडे. तिच्या डोक्यावर पदर होता. बाकी काही नव्हतं.

हा “बसलीस का?” आपल्या पुणे जिल्ह्यात रोज किती वेळा विचारला जात असेल, मोजता यायचं नाही. बायकोला, आईला, बहिणीला, मैत्रिणीला. गेली वीस-बावीस वर्षं मी बातमीदारी करतो, त्यातली निम्मी या हडपसर-सासवड-जेजुरी रस्त्यावर. गाडी चालवणाऱ्यावर आपण भरपूर लिहिलं. पार्किंगवर लिहिलं, खड्ड्यांवर लिहिलं, हेल्मेटसक्तीवर तर पुण्याने ग्रंथ लिहिले. मागच्या सीटवर मात्र कुणी काही लिहीत नाही. म्हणून आज तिचा इतिहास सांगतो.

सुरुवात जेजुरीपासूनच करू.

पुण्याहून जेजुरी पन्नासेक किलोमीटर. आपल्याकडे लग्न झालं की जोडीने खंडोबाला जायची रीत आहे. गडाच्या पायऱ्या चढताना नवऱ्याने बायकोला उचलून घ्यायचं, निदान पाच पायऱ्या तरी. पोरं हौसेने उचलतात, मित्र ओरडतात, मोबाईल निघतात. पण रीत बघा काय सांगते : आजपासून हिचा भार तुझ्यावर आहे, आणि पाय घसरला तर दोघंही पडणार आहात.

आता घरच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आठवा. एकच घोडा, त्यावर खंडोबा आणि म्हाळसा. मणी-मल्लाशी लढाई चाललीय आणि ती दोघं एका घोड्यावर आहेत. म्हणजे आपल्या कुलदैवतालाच आपण पिढ्यान् पिढ्या डबलसीट बघत आलोय! आणि त्या लढाईत म्हाळसा नुसती बसायला आलेली नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट. “बायकांनी एका बाजूला पाय सोडून बसावं, ती आपली परंपरा” असं मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. परंपरा? आपली जुनी साडी नऊवारी, कासोटा घातलेली. कासोटा घालून बाई शेतात काम करते, डोंगर चढते आणि घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसते. झाशीच्या राणीचं कुठलंही चित्र किंवा पुतळा डोळ्यांसमोर आणा, ती एका बाजूला पाय सोडून बसलेली आहे का? गेल्या शतकात शहरांतून गोल सहावारी रूढ झाली आणि दोन पायांमधलं अंतर नऊ इंचांवर आलं. युरोपातही वरच्या वर्गातल्या बायकांना शेकडो वर्षं घोड्यावर एका बाजूला बसायला लावलं, तिथेही कारण झग्याचं आणि लाजेचंच. थोडक्यात, एका बाजूला बसणं ही कपड्याने घातलेली अट आहे, धर्माने नाही. सलवार-कमीज आणि जीन्स आली तशी ती अट सैल झाली.

आता पुण्यात या.

पुणे सायकलींचं शहर होतं हे आता आजोबा-आजींनी सांगायचं आणि नातवंडांनी हसायचं. पण ‘डबलसीट’ हा शब्द आपल्याला सायकलनेच दिला. इंग्रजीत मागे बसणाऱ्याला वेगळा शब्द आहे, तो मूळचा घोड्यावरच्या गादीचा. आपण आपला बनवला. “मला डबलसीट घे”, “डबलसीट आलो”, आणि तिघं असले की ‘टिबलशीट’. हा आपला शब्द क्रियाही सांगतो आणि माणूसही. सायकलवर डबलसीट म्हणजे गुन्हा. चौकात पोलीस दिसला की मागचा टुणकन उडी मारायचा, पन्नास पावलं चालायचा, पुढे जाऊन पुन्हा बसायचा. रात्री दिवा नसणं आणि डबलसीट असणं, या दोन गुन्ह्यांत पकडला गेला नाही असा त्या पिढीतला पुणेकर शोधावा लागेल.

पण यातली मेख लक्षात घ्या. सायकलवर डबलसीट असायचा तो मित्र, भाऊ, नाहीतर पोर. नवरा-बायको सायकलवर डबलसीट, हे दृश्य पेठांमध्ये लोकांच्या भुवया उंचावणारं होतं. बायको चालायची किंवा टांग्यात बसायची. तिला उघड्यावर नवऱ्याच्या मागे बसायची सामाजिक परवानगी मिळाली ती स्कूटरमुळे. आणि ती स्कूटर बनली आपल्या आकुर्डीत.

स्कूटरची गोष्ट सुरू होते इटलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाज्जिओ कंपनीने कोर्रादिनो दास्कानिओ नावाच्या इंजिनिअरला स्वस्त गाडी बनवायला सांगितलं. हा गडी मूळचा विमानांचा, मोटरसायकल त्याला आवडायचीच नाही. तेल उडतं, चेन कपडे खाते, पाय टाकून चढावं लागतं. त्याने १९४६ साली व्हेस्पा बनवली : पुढे पाय ठेवायला सपाट जागा, इंजिन झाकलेलं, चेन नाही, मागचं चाक पत्र्याच्या आत. झग्यातल्या बाईलाही चालवता यावी अशी. १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’ सिनेमात ऑड्री हेपबर्न रोममध्ये व्हेस्पावर बसली आणि जगभरच्या तरुण जोडप्यांना कळलं की प्रेम कसं करायचं असतं.

इटलीत झग्याचा विचार करून जे झाकलं होतं, ते आपल्याकडे सहावारीला चपखल बसलं. बजाजने १९४८ पासून परदेशी स्कूटर आणून विकायला सुरुवात केली होती. १९५९ साली इथे बनवायचा परवाना मिळाला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून पियाज्जिओच्या तंत्रज्ञानावर व्हेस्पा बनू लागली. १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ मध्ये बजाजने नाव दिलं – चेतक. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. म्हणजे फिरून पुन्हा घोड्यावरच आलो.

पण चेतक मिळणं म्हणजे दिव्य. तो परमिटराजचा काळ. कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या ते दिल्ली ठरवणार. मागणी डोंगराएवढी, परवाना मुठीएवढा. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची, काही ठिकाणी तर दहा-दहा वर्षं. लोक सांगतात की मुलगी झाली की सासरे स्कूटरला नंबर लावायचे, जावयाच्या वेळेपर्यंत येईल म्हणून. यात अतिशयोक्ती असेल, पण विनोद हवेतून तयार होत नाही.

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, १९७९ साली नंबर लावला. प्राथमिक शिक्षक. गाडी मिळाली १९८६ साली. मी सहा वर्षांचा होतो आणि तो दिवस मला अजून दिसतो. आम्ही सासवडहून एसटीने पुण्याला गेलो, आई, दादा, मी आणि आईच्या कडेवर धाकटी बहीण. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी पुढे हँडलला धरून उभा. आई मागे, एका बाजूला बसलेली, मांडीवर बहीण. कायदा म्हणतो चालकामागे एकच माणूस. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही तेच होतं आणि आजच्या १९८८ च्या कायद्याच्या कलम १२८ मध्येही तेच आहे. पण त्या काळी स्कूटर म्हणजे चौघांची गाडी, हा देशाचा अलिखित कायदा होता. पुढे १९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ची जाहिरात आली तेव्हा आम्हाला ती आमचीच वाटली.

आईची ती दुचाकीवरची पहिली फेरी. हडपसरपर्यंत तिने दादांना हात लावला नाही. एका हाताने बहीण, दुसऱ्या हाताने मागची स्टेपनी घट्ट धरलेली. चारचौघांत नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा कसा? दिवे घाट सुरू झाला, पहिलं वळण आलं, आणि आईचा हात दादांच्या खांद्यावर आला. मी पुढून मान वळवून पाहिलं तर दादा हसत होते. सासवडची वेस दिसायला लागली तसा तो हात पुन्हा स्टेपनीवर गेला.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण अनेकांना वाटतं की स्कूटर उगाच एका अंगाला ओढायची. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला. बाई बसणार डाव्या बाजूला पाय सोडून, कारण आपला रस्ता डावीकडून, उतरायचं फूटपाथच्या बाजूला. म्हणजे एका अंगाला इंजिनाचं वजन, दुसऱ्या अंगाला बायकोचे पाय. कित्येक जुने स्कूटरवाले शपथेवर सांगतात की बायको मागे असली की गाडी सरळ चालायची. याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या घरी लावावा.

याच काळात पुण्यात आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर जाण्याची होती. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. पन्नास सीसी, पॅडल असलेली, सायकलची धाकटी बहीण. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बाया लूनावर दिसू लागल्या. नंतर १९८४ साली होंडाबरोबर करार झाला आणि कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. पुण्याची मुलगी गाडीवर बसली ती इथून. मग स्कूटी, मग २००१ ची अ‍ॅक्टिव्हा. डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने बांधलेली, हातमोजे कोपरापर्यंत, अशी पुणेरी मुलगी पाहून बाहेरगावची माणसं दचकतात. धूळ आणि ऊन यांपासून चेहरा वाचवण्याची एवढी जय्यत तयारी जगात कुठे नसेल. आणि त्या ओढणीच्या वर, डोक्यावर? ते पुढे येतंच.

पुरुष मात्र स्कूटरवरून उतरून मोटरसायकलवर गेले. बुलेट, राजदूत, जावा-येझदी आधीपासून होत्याच. पण १९८५ च्या सुमारास जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या, आणि चित्र पालटलं. २००१ साली बजाजनेच पल्सर काढली. २००६ पर्यंत चेतक बंद. मागच्या सीटच्या दृष्टीने हा बदल साधा नाही. स्कूटरचं चाक झाकलेलं, मोटरसायकलचं उघडं. स्कूटरची बैठक रुंद, मोटरसायकलची अरुंद आणि मागे चढती. साडी तीच.

म्हणून कायद्यात साडीगार्ड आलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम १२३. मागे बसायची सोय असलेल्या प्रत्येक मोटरसायकलला तीन गोष्टी हव्यात : धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. मागे बसणाऱ्या बाईच्या साडीचा विचार करणारा हा नियम मला फार आवडतो. आणि नवी गाडी घेतली की “लूक जातो” म्हणून पहिलं काय काढून टाकतात? साडीगार्ड.

मीही काढलं होतं. कबूल करतो.

२००६ साली माझं लग्न झालं. सेकंडहँड शंभर सीसी मोटरसायकल होती, साडीगार्ड आधीच्या मालकाने काढलेलं की मी, ते आता आठवत नाही असं मी घरी सांगतो. लग्नानंतर चौथ्या दिवशी आम्हीही जेजुरीला निघालो. बायकोचं माहेर पुण्यात पेठेतलं, ती स्वतः गाडी चालवणारी. पण मोटरसायकलवर साडी नेसून मागे, ही तिची पहिलीच वेळ. मी विचारलं, “बसलीस का?” आणि उत्तर यायच्या आत क्लच सोडला. सासवड स्टँडच्या पुढे एक भाजीवाली आजी रस्त्यातच आडवी आली आणि ओरडली, “आरं ए, पदर! पदर बघ तिचा!” पदराचं टोक चाकापासून चार बोटांवर फडफडत होतं. बायकोला माहीत नाही, मला माहीत नाही. त्या आजीचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. आज एकोणीस वर्षं संसार झाला, त्यात तिचा वाटा आहे.

आता जे सांगायचं होतं ते.

१९९४ साली, त्याच चेतकवरून, आई पडली. सासवडच्या अलीकडे एक नवीन गतिरोधक टाकला होता. पट्टे नाहीत, फलक नाही. संध्याकाळची वेळ. दादांचा वेग फार तर तीस. गाडी उडाली, आदळली, आई मागच्या मागे गेली. आणि दादांना कळलंच नाही. ते बोलत होते तिच्याशी. शे-दीडशे फूट पुढे गेले, मग एका दूधवाल्याने हाक मारून थांबवलं.

नवरा पेट्रोल पंपावर बायकोला विसरून गेला, हा विनोद आपण किती वेळा सांगतो. आमच्या घरी तो कुणी सांगत नाही.

आई वाचली. मनगट मोडलं, ते जुळलं. डोक्याच्या मागे मार होता, तोही बरा झाला. पण घरी आल्यावर आठवड्याभराने कळलं की तिला वास येत नाही. फोडणी करपली तरी कळत नाही, दूध नासलं तरी कळत नाही, गॅस सुरू राहिला तरी कळत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं : डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटलं की आतला मेंदू पुढे हिसका खातो आणि वासाच्या बारीक नसा तुटतात, बहुतेक वेळा त्या पुन्हा जुळत नाहीत. एकतीस वर्षं झाली. देवाला वाहिलेल्या मोगऱ्याला ती अजून नाकाशी नेते, सवयीने.

त्या दिवसापर्यंत दादा कधी “बसलीस का?” विचारायचे नाहीत. त्यानंतर ते दर वेळी विचारायचे. दोनदा. आणि उत्तर ऐकल्याशिवाय गिअर टाकायचे नाहीत. शेवटपर्यंत.

पुढे मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि याच रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या लिहू लागलो. त्यात एक वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आता हात आपोआप चालतो : “दुचाकीवर पाठीमागे बसलेली महिला जागीच ठार झाली.” चालकाचं नाव, वय, गाव पहिल्या ओळीत असतं. तिचं नाव कधी दुसऱ्या दिवशीच्या बातमीत, कधी नाहीच.

आकडा बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं अशांची संख्या ५० हजार २९. त्यांपैकी १४ हजार ३३७ जण चालवत नव्हते. मागे बसले होते. म्हणजे दररोज जवळपास चाळीस. किती वेगाने जायचं, ब्रेक कधी मारायचा, खड्डा चुकवायचा की नाही, यातला एकही निर्णय त्यांचा नव्हता.

आता पुणेकरांचा लाडका विषय. १९८८ च्या कायद्याचं कलम १२९ पहिल्यापासून गाडी ‘चालवणाऱ्या किंवा तिच्यावरून जाणाऱ्या’ प्रत्येकाला हेल्मेट घालायला सांगतं. पगडीधारी शीख बांधवांना सूट आहे. (आपल्या पुणेरी पगडीला नाही, हे इथे स्पष्ट केलेलं बरं.) १ जानेवारी २०१९ पासून शहर पोलिसांनी अंमलबजावणी कडक केली, तेव्हा हेल्मेटसक्ती विरोधी कृती समितीने काय गाजवलं होतं! मोर्चे, घोषणा. मी त्या आंदोलनाची टिंगल करणार नाही. आधी रस्ते नीट करा, हे म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आईला पाडलं ते गतिरोधकाने, हे मी विसरलेलो नाही. मंडईत वीसच्या वेगाने जाताना हेल्मेट कशाला, हाही प्रश्न माणसाच्या मनात येतो. पण त्या सगळ्या वादात, बाजूने आणि विरोधात, बोलणारे सगळे पुढच्या सीटवरचे होते. मागच्या सीटचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही स्वतंत्र कारवाई करायचे आदेश काढले, तेव्हा पुन्हा पुण्यात आरडाओरड झाली. “दोन हेल्मेट ठेवायची कुठे?” प्रश्न खरा आहे. केंद्राने २०२५ च्या जूनमध्ये नव्या दुचाकीबरोबर दोन हेल्मेट देण्याच्या नियमाचा मसुदा काढला, तो याच प्रश्नाचं एक टोक धरून. पण ज्या घरात दोन मोबाईल चार्जर, दोन रिमोट आणि चार छत्र्या राहतात, तिथे दुसऱ्या हेल्मेटला जागा नाही, हे मला पटत नाही.

आणि एक गोष्ट, जी पुण्यातल्या शिकल्या-सवरल्या लोकांनाही माहीत नसते. विमा. दुचाकीचा नुसता ‘थर्ड पार्टी’ विमा असेल आणि चूक तुमची असेल, तर मागे बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिचा विमा देतो. पण तुम्हीच घसरलात तर? मागचा माणूस त्या कागदावर नाहीच. मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कवच सक्तीचं आहे, मागच्यासाठी ते ऐच्छिक. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत मागचा माणूस साधारणपणे येतो. आजच कपाटातून पॉलिसी काढा आणि बघा. हप्त्यात पाच-सातशे वाचले म्हणून आपण कुणाला वगळलंय, ते कळेल.

तर वडकीच्या त्या पोराला, आणि पहिल्यांदा कुणाला मागे घेणाऱ्या प्रत्येकाला, एक गाडीवाला म्हणून सांगतो.

आधी गाडी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पक्की धरा, मग म्हणा, “आता बस.” चढताना मागच्याने सांगावं, उतरतानाही सांगावं. उजवीकडे सायलेन्सर असतो, पोटरीला चटका बसतो, हे आधी दाखवून द्या. पदर, ओढणी, लोंबणारे बंद खोचा. शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांगा. सलवार, पँट घालून निघा आणि साडी तिथे जाऊन नेसा. एका बाजूला बसावंच लागलं तर एक हात चालकाला, एक हात मागच्या मुठीला. सिग्नलला गाडी थांबली तरी मागच्याने पाय फूटरेस्टवरच ठेवायचे. वळणावर गाडी झुकली की घाबरून उलट्या अंगाला झुकायचं नाही, चालकाच्या खांद्यावरून वळणाकडे बघायचं, अंग आपोआप बरोबर जातं.

आणि चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं की पन्नास-साठ किलो मागे आल्यावर ती गाडी वेगळी गाडी असते. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. मागच्या चाकातली हवा वाढवावी लागते, किती ते गाडीच्या पुस्तकात ‘डबलसीट’साठी वेगळं दिलेलं असतं. पुढचं चाक हलकं होतं. खड्डा, गतिरोधक आला की तोंडाने सांगा, कारण तुम्हाला दिसतो, मागच्याला दिसतो तो फक्त तुमचा शर्ट. आणि पहिल्या फेरीत शायनिंग मारायला जाऊ नका. तिला भीती वाटली तर ती घट्ट धरेल, हे सिनेमातलं गणित आहे. खऱ्या आयुष्यात ती पुढच्या वेळी रिक्षा करते.

परवा झेड ब्रिजवरून येत होतो. तो दुचाकींचाच पूल. संध्याकाळी कडेला गाड्या लावून जोड्या बसलेल्या असतात. मी हेल्मेट मोजत आलो. बहुतेक गाड्यांच्या आरशावर एकच टांगलेलं होतं.

आमच्या घरी आता गाडी बायको चालवते आणि मागे आई बसते. सासूबाई डबलसीट. अडुसष्ट वर्षांची बाई, सहावारी साडी, डोक्यावर लाल हेल्मेट. पहिल्या दिवशी सासवडच्या बाजारपेठेत लोक हसले. आई म्हणाली, “हसू देत. माझं काय गेलंय ते त्यांना कुठं ठाऊक आहे.”

वडकीला त्या रविवारी मी पोराला हटकलं होतं. म्हटलं, “भाऊ, वहिनींना हेल्मेट?” तो लाजून हसला आणि म्हणाला, “काका, इथंच तर जायचंय, जेजुरीला.” पुढचा घाट, पुढे तीस किलोमीटर, आणि ‘इथंच’. मी आणखी काही बोललो नाही. नवीन लग्न, सकाळची वेळ, अपशकुन कशाला करा, असं मनात आलं. माझी चूक झाली. बोलायला हवं होतं. त्या भाजीवाल्या आजीसारखं रस्त्यात आडवं येऊन ओरडायला हवं होतं.

ते राहिलं, म्हणून ही पोस्ट.

आज गाडी काढताना मागच्याला “बसलीस का?”, “बसलास का?” असं विचाराल, तेव्हा एकदा मान वळवून बघा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.